वजनांच्या कोपऱ्यातला संकोच

प्रश्न : माझं वय ३४. दोन महिने जिमला जातेय, पण ट्रेडमिलच्या पुढे पाऊल पडत नाही. वजनांकडे सगळी पुरुषमंडळी, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. शिवाय वजनं उचलून अंग पुरुषी होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पुरुषी अंगाची भीती आधी मनातून काढा. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन स्त्रियांत पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. वेटलिफ्टर मीराबाई चानूने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलले, तेही ४९ किलो वजनगटात राहून! उलट पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात. त्यांना भार पेलायची सवय आत्ताच लागलेली बरी. लोक बघतात त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. बहुतेकांचं लक्ष आरशातल्या स्वतःकडे असतं. आपला संकोच बराचसा ‘आता पुढे काय करायचं’ हे ठाऊक नसल्याचा असतो. म्हणून कमी गर्दीची वेळ निवडा, प्रशिक्षकाकडून स्क्वॉट, रोइंग, प्रेस हे तीनच व्यायाम नीट शिका आणि वहीत लिहून न्या. लांब बार रिकामाच बहुधा २० किलोचा असतो, तो नंतर. सुरुवात २-३ किलोच्या डंबेलने. शेवटचे दोन रेप्स (आवर्तनं) जड जाऊ लागले, की वजन बरोबर. रक्तदाब, पाठदुखी किंवा गरोदरपण असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी खरोखरच टक लावून बघत असेल, तर गप्प बसू नका. व्यवस्थापकाकडे तक्रार करा.