घटक ४ : बालकांसाठी योगाचा पाठ आणि सूचनेची भाषा

मागील घटकात आपण कार्यालयीन सूचनांची भाषा पाहिली. या घटकात सहा-सात वर्षांच्या मुलांना उद्देशून दिल्या जाणाऱ्या सूचनांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी योगाचा पाठ निवडला आहे, कारण येथे चुकलेली वाक्यरचना थेट शरीरावर उमटते.

पुढील वाक्य पाहा : 'गुडघे न वाकवता पायांचे अंगठे पकडून कपाळ गुडघ्यांना टेकवावे.' प्रौढ वाचकाला यात काही खटकणार नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे ते ऐकू येईपर्यंत मुलाला आधीचे सारे तपशील मनात धरून ठेवावे लागतात. शिवाय पहिलाच तपशील नकारात्मक आहे. मूल 'गुडघे' आणि 'वाकव' एवढेच पकडते आणि गुडघे वाकवते. 'टेकवावे' हा विध्यर्थ पुस्तकाला शोभतो. मुलाच्या ओळखीचा असतो तो आज्ञार्थ. म्हणून : 'खाली बसा. पाय पुढे पसरा. गुडघे ताठ. आता हात अंगठ्यांकडे न्या. पोचतील तिथे थांबा.' शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पतंजलींनी आसनाची कसोटी स्थिरता आणि सुख अशी सांगितली आहे. कपाळ टेकलेच पाहिजे, हा हट्ट तीत बसत नाही.

श्वासाच्या सूचनेत आणखी जपावे लागते. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटले की मुले खांदे उचलून श्वास कोंडून धरतात, कारण सोडायला कोणी सांगितलेलेच नसते. 'फुलाचा वास घ्या. आता गरम भातावर हळूच फुंकर घाला' हे भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात कोणत्याही मुलाला समजते.

आसनांच्या नावांतही एक वर्ग दडलेला असतो. घेरंडसंहितेतील ३२ आसनांत मंडूक, भुजंग, मकर, उष्ट्र, शलभ असे प्राणी-कीटक आहेत. 'शलभ' म्हणजे टोळ. त्याचा भाऊबंद नाकतोडा मुलांनी बांधावर रोज पाहिलेला असतो. मात्र अर्थ सांगताना सावध असावे. मत्स्येंद्रासनात मुलांना मासा व्हायला सांगणारे उत्साही शिक्षक मी पाहिले आहेत! ते नाव मत्स्येंद्रनाथांचे. माशाचे आसन ते मत्स्यासन.

आता बोलीचा प्रश्न. भंडारा जिल्हा झाडीबोलीच्या प्रदेशात येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. या बोलीत 'ळ' च्या जागी 'र', 'ण' च्या जागी 'न' उच्चारला जातो. लाखांदूर तालुक्यातील एका शाळेत मी पहिलीचा योगवर्ग पाहत होतो. बाईंनी 'डोळे मिटा' म्हटले. एका मुलीने शेजारच्या धाकट्या भावाला समजावले, 'डोरे मिट.' बाईंनी वर्ग थांबवून तिच्याकडून 'डोळे' हा शब्द तीनदा म्हणवून घेतला. उच्चार सुधारला, पण पुढच्या शवासनात ती मुलगी डोळे उघडे ठेवून बाईंकडे पाहत पडून होती. सूचना तिला पहिल्याच वेळी समजली होती आणि तिने ती अचूक पुढेही पोचवली होती. उच्चाराचा पाठ दुसऱ्या तासाला घेता आला असता.

राहिला सवयीचा भाग. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. विदर्भातील शाळा मात्र उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे हा दिवस पुष्कळदा सुटीतच निघून जातो. सवय लावण्यासाठी मराठीत एक खास रचना आहे : 'जेवणापूर्वी हात धुवायचे असतात', 'जेवल्याबरोबर आसने करायची नसतात'. येथे हुकूम नाही, रीत आहे. सांगणाराही त्या रीतीने बांधलेला असतो. म्हणून शालेय पोषण आहाराची पंगत उठताच योगाचा तास ठेवणाऱ्या शाळेत दुसरे वाक्य मुले मनावर घेणार नाहीत.

स्वयंअध्ययनासाठी उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या मुलाला वृक्षासन शिकवण्यासाठी सहा वाक्ये लिहा; एकाही वाक्यात चारपेक्षा अधिक शब्द नसावेत. ती त्याला वाचून दाखवा. मूल जेथे अडखळेल ते वाक्य अधोरेखित करा आणि त्याच मुलाने तीच सूचना आपल्या शब्दांत कशी सांगितली, ते त्याच्याच उच्चारासह शेजारी नोंदवा.