खारपाणपट्ट्यातील गोडे पाणी : जलशुद्धीकरण यंत्राचे चालन आणि निगा

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळी, कसदार. पण विहिरीचे पाणी खारट. त्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तहानही भागत नाही. दूरच्या धरणाचे पाणी नळाने आणणे हा या पट्ट्यातील गावांसाठी खरा आणि कायमचा उपाय होय. तथापि जेथे ते पाणी अद्याप पोहोचलेले नाही अथवा नियमितपणे येत नाही, तेथे अनेक ग्रामपंचायतींनी व्युत्क्रम परासरणाची यंत्रे बसविली आहेत. गावकऱ्यांच्या तोंडी त्यांचे नाव ‘आरओ’. असे यंत्र उभारले जाते तेव्हा समारंभ होतो, फीत कापली जाते. त्यानंतर ते किती वर्षे चालेल, हे मात्र यंत्राच्या किमतीपेक्षा त्यापाशी रोज अर्धा तास कोण बसतो यावर अवलंबून असते.

मीठ आणि काकडी

यंत्राचे तत्त्व घरातल्या स्वयंपाकघरात पाहावयास मिळते. काकडीच्या कोशिंबिरीवर मीठ घातले की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते. काकडीच्या पेशींचे पातळ आवरण पाण्याला वाट देते, क्षारांना सहजासहजी देत नाही. म्हणून कमी खारट बाजूचे पाणी अधिक खारट बाजूकडे ओढले जाते. हेच परासरण. फ्रान्समधील धर्मगुरू व पदार्थविज्ञानाचे अभ्यासक नोले यांनी १७४८ साली प्राण्याच्या मूत्राशयाच्या पापुद्र्यावर प्रयोग करून ही क्रिया नोंदविली. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिला तर हाच प्रवाह उलट फिरतो आणि क्षार मागे ठेवून पाणी गोड्या बाजूला येते. हा विचार व्यवहारात उतरण्यास दोन शतके लागली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास पुरेसे पाणी देणारे पटल तयार केले आणि १९६५ साली त्याच राज्यातील कोलिंगा या गावी अशा पटलावर पिण्याचे पाणी तयार होऊ लागले. खाऱ्या विहिरींचेच ते गाव होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजच्या यंत्रातील पटल, ज्याला कारागीर मेंब्रेन म्हणतात, ते पॉलिअमाइड या द्रव्याच्या अत्यंत पातळ थराचे असते. त्याचे पत्रे मधल्या छिद्रयुक्त नळीभोवती सतरंजीसारखे गुंडाळून दाबनळीत बसविलेले असतात. एक गोष्ट येथेच स्पष्ट व्हावयास हवी. हे यंत्र क्षार नष्ट करीत नाही. ते केवळ वेगळे करते. आत गेलेला प्रत्येक ग्रॅम क्षार कोठून तरी बाहेर पडतोच. यंत्राच्या निगेतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीच्या विस्मरणातून निर्माण होतात.

टाकाऊ पाण्याचा हिशोब

समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १८०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आहेत. तासाला २००० लिटर पाणी आत घेऊन यंत्र १००० लिटर शुद्ध पाणी देते आणि त्यात ९० मिलिग्रॅम क्षार उरतात. तासाभरात ३६०० ग्रॅम क्षार आत गेले, ९० ग्रॅम शुद्ध पाण्याबरोबर बाहेर आले. उरलेले ३५१० ग्रॅम दुसऱ्या हजार लिटरमध्ये आहेत, म्हणजे टाकाऊ पाण्याचा खारटपणा जवळजवळ दुप्पट झाला.

अर्धे पाणी गटारात जाते, ही तक्रार ग्रामसभेत हमखास येते आणि दुष्काळी भागात ती स्वाभाविकच आहे. मग कोणीतरी चालकास टाकाऊ पाण्याची झडप आवळावयास सांगतो. तेवढ्याच शुद्ध पाण्यासाठी एकचतुर्थांश पाणीच बाहेर टाकले, तर पटलाच्या शेवटच्या भागातील खारटपणा चौपट होतो. पाण्यातील चुना तेथे बसू लागतो. चहाच्या भांड्याच्या तळाशी जसा पांढरा थर धरतो तसाच. वाचविलेल्या पाण्याची किंमत शेवटी नव्या पटलाच्या रूपाने द्यावी लागते. ही झडप यंत्र बसविणाऱ्या तंत्रज्ञाने पाण्याची तपासणी पाहून ठरविलेल्या खुणेवरच ठेवावी. अधिक पाणी वाचवावयाचे असल्यास त्यासाठी यंत्राची रचनाच वेगळी असावी लागते.

टाकाऊ पाणी विहिरीत अथवा विंधन विहिरीशेजारी मुरू देणे हा तर शुद्ध आत्मघात होय. तेच क्षार पुन्हा यंत्रात येतात. काळ्या जमिनीत ते सतत सोडल्यास जमीन चिबड होते. शौचालये, फरशी व वाहने धुणे यांसाठी ते वापरता येते. उरलेले पाणी अस्तर घातलेल्या उथळ टाक्यात सोडून उन्हात आटवावे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावी टाकाऊ पाण्यात फ्लोराइडही दुपटीने वाढलेले असते. असे पाणी जनावरांच्या हौदात कदापि जाऊ नये.

टीसीएल : मित्र आणि शत्रू

गावातील जलसुरक्षकास ओ.टी. चाचणी परिचित असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, पाणी सुरक्षित आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र हा नियम अर्ध्या वाटेवर उलटा होतो. पॉलिअमाइडच्या पटलास मुक्त क्लोरीन सोसत नाही. विहिरीत टाकलेली टीसीएल पावडर जंतू मारते. परंतु तो क्लोरीन पटलापर्यंत पोहोचला तर पटलच कुजते आणि ही हानी कोणत्याही धुण्याने भरून येत नाही. क्लोरीन अडविण्याचे काम वाळूच्या गाळणीनंतरची कोळशाची गाळणी करते. तिचा कोळसा कालांतराने निष्प्रभ होतो आणि तसे झाल्याचे बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून कोळशाच्या गाळणीनंतर रोज ओ.टी. चाचणी घ्यावी, तेथे पिवळेपणाचा अंशही दिसता कामा नये. शुद्ध पाण्याच्या टाकीत मात्र पुन्हा अल्प क्लोरीन हवाच, कारण पटलातून आलेल्या पाण्यात त्याचे स्वतःचे असे कोणतेही संरक्षण नसते. अस्वच्छ टाकीत, न धुतलेल्या जारमध्ये ते सहज दूषित होते.

क्लोरीनने बिघडलेल्या पटलाचे लक्षण फसवे असते. शुद्ध पाण्याचा प्रवाह वाढतो. यंत्र आता अधिक पाणी देते म्हणून लोक संतुष्ट होतात. त्याच वेळी मीटरवरील क्षारांचा आकडा मात्र चढत असतो. चुना बसलेल्या पटलाचे बहुधा याच्या उलट होते. प्रवाह घटतो आणि तेवढ्याच पाण्यासाठी दाब वाढवावा लागतो. हे दोन विकार ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही, नोंदवही लागते.

नोंदवही

पहिल्या दिवशीचे आकडे हे यंत्राचे जन्मटिपण समजावे. त्या दिवशीचा दाब, शुद्ध व टाकाऊ पाण्याचा प्रवाह, कच्च्या व शुद्ध पाण्यातील क्षार यांची नोंद पहिल्या पानावर करून ते पान जपावे. पुढे रोज यंत्र अर्धा तास चालल्यावर हेच आकडे लिहावेत. प्रवाह दहा ते पंधरा टक्क्यांनी घटला, अथवा पटलाच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक तितकाच वाढला, तर रासायनिक धुलाईची वेळ आली असे समजावे. निम्म्यावर येईपर्यंत वाट पाहिल्यास थर घट्ट होतो आणि निघत नाही. चुन्याच्या थरासाठी सायट्रिक आम्लाचे, तर जैविक चिकट थरासाठी अल्कधर्मी द्रावण वापरतात. हे काम मात्र माहितगाराच्या हातूनच व्हावे.

ऋतुमानाचाही विचार करावा लागतो. पाणी एका अंशाने थंड झाले की प्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी कमी होतो. उंच टाकीतील पाणी हिवाळ्यात आठ अंशांनी थंड झाले तर प्रवाह एकपंचमांशाने घटेल, आणि तो बिघाड नव्हे. म्हणून नोंदवहीत पाण्याच्या तापमानाचा एक रकाना असावा. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी उपक्रम म्हणून ही नोंद विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास आलेखाचा पाठ आपोआप होईल. त्याच निमित्ताने काही विक्रेते करून दाखवितात तो ‘प्रयोग’ही उलगडून सांगता येईल. विजेच्या दांड्या बुडविल्यावर साध्या पाण्यात जो तांबूस गाळ येतो, तो मुख्यतः विरघळलेल्या दांड्यांचा असतो, पाण्यातील घाणीचा नव्हे. शुद्ध पाण्यातून वीजच फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते.

रोजच्या इतर कामांचा विस्तार करण्याचे कारण नाही. वाळू व कोळशाच्या गाळण्या उलट्या प्रवाहाने धुणे, पटलाआधीची पाच मायक्रॉनची काडतूस गाळणी दाबाचा फरक वाढताच बदलणे, एवढेच. धुऊन परत बसविलेले काडतूस ही काटकसर नव्हे. चुना बसू न देणाऱ्या रसायनाचा छोटा पंप मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. तासाला २००० लिटर पाण्यास लिटरमागे तीन मिलिग्रॅम या प्रमाणात केवळ सहा ग्रॅम रसायन लागते. ते थांबले तरी आवाजात फरक पडत नाही. रसायनाच्या टाकीवर रंगाने रेघ ओढून रोज पातळी पाहणे हा साधा उपाय आहे.

क्षमता आणि खर्च

जल जीवन मिशनमध्ये दूषित पाण्याच्या वस्त्यांसाठी माणशी रोज आठ ते दहा लिटर शुद्ध पाणी, म्हणजे पिण्याच्या व स्वयंपाकाच्या गरजेपुरते, गृहीत धरले आहे. दीड हजार वस्तीच्या गावास हे १२ ते १५ हजार लिटर होतात. ताशी हजार लिटरचे यंत्र त्यासाठी १२ ते १५ तास चालावे लागेल. वीजपुरवठ्याचे तास पाहिल्याशिवाय यंत्राचा आकार ठरविणे म्हणूनच योग्य नाही. लिटरमागे आकारावयाच्या दरात वीज, चालकाचे मानधन, काडतुसे व रसायने यांबरोबर नव्या पटलाचा हिस्साही धरावा आणि तो ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने वेगळ्या खात्यात ठेवावा. चांगल्या निगेत पटल तीन वर्षे किंवा अधिक काळ टिकते. पण ते केव्हातरी बदलावेच लागते.

यंत्र हवेच का, हाही प्रश्न आधी विचारावा. भारतीय मानक १०५०० नुसार विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. जेथे क्षार ५०० च्या आत आहेत आणि फ्लोराइड, नायट्रेट यांचा दोष नाही, तेथे गाळणी आणि क्लोरीन पुरेसे होतात.

यंत्र बंद ठेवताना

धरणाचे पाणी सुरू झाले अथवा पावसाळ्यात मागणी घटली की यंत्र नुसते बटण दाबून बंद केले जाते. पटलात अडकलेले खारे पाणी मग तेथेच राहते, क्षार बसतात, शेवाळी चिकटा वाढतो. रोज बंद करतानाही शुद्ध पाण्याने पटल काही मिनिटे धुऊन घ्यावे. दोन दिवसांहून अधिक खंड पडणार असेल तर दिवसाआड तसेच धुवावे. आणि महिना-दोन महिने बंद ठेवावयाचे असेल तर सोडियम बायसल्फाइटचे एक टक्का द्रावण भरून दाबनळीची तोंडे बंद करावीत. पटल एकदा भिजल्यानंतर पुन्हा कोरडे पडू देऊ नये. पुन्हा सुरू करताना टाकाऊ पाण्याची झडप पूर्ण उघडी ठेवून दाब हळूहळू वाढवावा आणि पहिल्या तासाभराचे शुद्ध पाणी कोणासही न देता वाहून जाऊ द्यावे.