तारेला आलेल्या मुंग्या

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला विज्ञानाचा एक विषय निवडायला सांगितला. कुणी पाऊस घेतला, कुणी गांडूळ घेतले. मी आमच्या घरावर आलेली विजेची तार घेतली. का घेतली ते आधी सांगते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. आजी परसात लुगडे वाळत घालत होती. एकदम तिने हात झटकला आणि मला हाक मारली, "अगं, या तारेला मुंग्या आल्यात बघ!" माझा धाकटा भाऊ धावत गेला आणि तारेवर मुंग्या शोधू लागला. मुंगी एकही नव्हती. आजीच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. आबा म्हणाले, "ओल्या कपड्याचं गार लागलं असेल." आम्ही हसलो आणि विसरलो.

सोमवारी विज्ञानाच्या तासाला सुवाहक आणि दुर्वाहक हा पाठ चालू होता. तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम हे सुवाहक. रबर, चिनी माती, कोरडे लाकूड हे दुर्वाहक. मी सहज उठून विचारले, "गुरुजी, वाळवणीच्या तारेला मुंग्या येतात का?" सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारले, "ती तार दुसऱ्या टोकाला कशाला बांधली आहे?"

मी सांगितले ते असे. खांबावरून आमच्या घराकडे विजेची काळी केबल येते. तिच्या वर एक पांढरट जाड तार आहे. त्या तारेला केबल कड्यांनी टांगली आहे. तार घराच्या पाइपापाशी बांधून तिचा बराच तुकडा खाली उरला होता. आबांनी तो वाया जाऊ नये म्हणून शेवग्याच्या झाडाला नेऊन बांधला. तीच आमची वाळवणीची तार.

गुरुजींनी तिथल्या तिथे वायरमनकाकांना फोन केला आणि मला म्हणाले, "पळत घरी जा. त्या तारेला कुणी हात लावायचा नाही, कपडेसुद्धा काढायचे नाहीत, एवढंच सांग."

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. त्याआधी ही तार तिथे असते कशाला ते पाहू.

केबलला दुसऱ्या तारेचा आधार का लागतो?

आपल्या घरी येणाऱ्या केबलच्या आत बहुतेक वेळा ॲल्युमिनियम असते. ते हलके असते, स्वस्त असते आणि वीज चांगली वाहते. पण ते मऊ असते. खांबापासून घरापर्यंत नुसती केबल ताणून बांधली, तर तिचे वजन, वारा आणि वर बसणारी पाखरे यांचा सारा भार त्या मऊ धातूवर येईल. केबल हळूहळू लांबेल आणि एक दिवस तुटेल. म्हणून काम वाटून दिले आहे. भार पोलादी तारेने उचलायचा आणि वीज केबलने वाहायची. पोलादी तार गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा थर असतो. तिला सगळे जी. आय. तार म्हणतात.

स्नेहसंमेलनाचा आपला पडदा आठवा. पडदा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. वर तार ताणलेली असते आणि पडदा कड्यांनी तिला लोंबतो. केबलचेही तसेच आहे. पडद्याच्या जागी केबल धरा.

या सामानाचे भाग असे:

१. खांबावर लोखंडी पट्टी बसवून तिच्यात चिनी मातीचे रीळ अडकवतात. जी. आय. तार त्या रिळाला बांधतात, म्हणजे तार खांबाच्या लोखंडाला थेट टेकत नाही.

२. घराच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी पाइप असतो. त्याच्यापाशीही असेच रीळ असते. पाइपाचे तोंड छत्रीच्या मुठीसारखे खाली वळवलेले असते. केबलही आत शिरण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर जाते. त्यामुळे पावसाचे पाणी झोळापाशीच ठिबकते, मीटरपर्यंत जात नाही.

३. या दोन टोकांच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर कड्या असतात. काही ठिकाणी त्या चिनी मातीच्या असतात, काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या. प्रत्येक कडी केबलचा थोडा थोडा भार वरच्या तारेवर देते.

४. कड्यांमध्ये केबल किंचित सैल ठेवतात. उन्हात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. २० मीटर लांबी घेतली आणि तापमान ३० अंशांनी वाढले, तर पोलाद सुमारे ७ मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम सुमारे १४ मिलिमीटर. दोघांना घट्ट आवळले तर थंडीत आखडताना केबलवर ताण येईल.

तार झोळदार का असते?

मला वाटायचे, तार लोंबते म्हणजे वायरमनकाकांनी काम आळसाने केले. तसे नाही. हे करून पाहा. एका मजबूत दोरीच्या मधोमध अर्धी भरलेली कळशी बांधा. दोन मुलांनी दोन्ही टोके धरून दोरी अगदी सरळ करायचा प्रयत्न करावा. आम्ही केला. आमच्या वर्गातले सर्वांत दांडगे दोघे लाल झाले, पण दोरी काही सरळ झाली नाही.

गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला. खांब ते घर अंतर २० मीटर धरा. तार आणि केबल मिळून वजन ४ किलो धरा. वजनाला अंतराने गुणायचे आणि आलेल्या संख्येला झोळाच्या आठपटीने भागायचे. (झोळ मीटरमध्ये घ्यायचा.) तारेवरचा ताण मिळतो.

झोळ १ मीटर – ताण १० किलो
झोळ ५० सेंटीमीटर – ताण २० किलो
झोळ २५ सेंटीमीटर – ताण ४० किलो
झोळ १० सेंटीमीटर – ताण १०० किलो

म्हणजे झोळ निम्मा केला की ताण दुप्पट! ४ किलोच्या ओझ्याला १०० किलोची ओढ लागते, हे वाचून मला खरे वाटेना. मी दोनदा गुणून पाहिले. वारा आला की ही ओढ आणखी वाढते. म्हणून थोडा झोळ मुद्दाम ठेवतात.

पण झोळ फार झाला तर खालून जाणारी कडब्याची गाडी तारेत अडकेल. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत लिहिले होते, की रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार, मग ती घराला जोडणारी का असेना, जमिनीपासून कोठेही ५.८ मीटरपेक्षा खाली नसावी. ५.८ मीटर म्हणजे १९ फूट. आणि उन्हाळ्यात झोळ आपोआप वाढतो. वरच्या उदाहरणात पोलादाची ती ७ मिलिमीटरची वाढ झाली, की २५ सेंटीमीटरचा झोळ सुमारे ३३ सेंटीमीटर होतो. एवढ्याशा वाढीचा एवढा परिणाम!

आगगाडीच्या वरच्या तारा

हीच युक्ती विजेवरच्या आगगाडीसाठी वापरतात. आपल्या देशात विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली. ती व्हिक्टोरिया टर्मिनसहून (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) कुर्ल्याला गेली. तेव्हा तारेतला दाब १,५०० व्होल्ट होता. आता तिथे २५,००० व्होल्ट असतो.

स्टेशनात उभे राहून वर पाहा, म्हणजे एकाखाली एक अशा दोन तारा दिसतात. वरच्या तारेला झोळ असतो. खालची जवळजवळ सरळ असते, कारण इंजिनाचा वरचा सांगाडा तिला घासत जातो. दोघींना जोडणाऱ्या उभ्या बारीक तारा असतात. खांबाजवळ त्या लांब आणि मधोमध आखूड असतात. वरचा झोळ अशा लहानमोठ्या तारांनी भरून काढला, की खालची तार सरळ राहते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आगगाडीची वरची तार खालचीला आधार देते, पण तिच्यातही वीज असते. दोन्ही तारा तितक्याच धोक्याच्या. म्हणजे 'ही नुसती आधाराची तार आहे' असे म्हणून कोणत्याही तारेवर भरवसा ठेवता येत नाही.

पुष्कळ गावांत आता खांबांवर उघड्या तारांऐवजी पीळ घातलेली जाड केबल आली आहे. तिच्यातही एक तार सगळ्यांचा भार घेते आणि बाकीच्या काळ्या तारा तिच्याभोवती गुंडाळलेल्या असतात. खांबावरची पकड हीच भार घेणारी तार धरते. शेवटच्या खांबावरची पकड पाचरीसारखी असते. तार जितकी ओढेल तितकी ती घट्ट आवळते. ही भार घेणारी तार बहुतेक वेळा न्यूट्रल म्हणूनही वापरतात. ती कोठे तुटली, तर तिच्यातसुद्धा वीज येऊ शकते.

आमच्या तारेला मुंग्या कशा आल्या?

वायरमनकाका आले. त्यांनी वाळवणीच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला. आजी मटकन ओट्यावर बसली.

काकांनी आधी डीपीवरची फ्यूज काढून आणली आणि स्वतःच्या खिशात ठेवली, म्हणजे दुसरा कुणी ती बसवू नये. मग शिडी लावून ते वर चढले. घरापासून तिसरी कडी जाग्यावर नव्हती. वैशाखातल्या वादळात ती फुटली होती. तेव्हा आबांनी केबल लोंबू नये म्हणून ती बांधकामाच्या बारीक तारेने वरच्या तारेला आवळून टाकली होती. ती बारीक तार आबांच्या हातात मीच दिली होती. वाऱ्याने केबल हलत राहिली. बारीक तार तिच्या काळ्या सालीत रुतत गेली आणि आतल्या ॲल्युमिनियमला जाऊन भिडली. तिथून वीज आधाराच्या तारेत उतरली आणि आधाराच्या तारेतून आमच्या वाळवणीच्या तारेत.

मी काकांना विचारले, "मग फ्यूज का नाही उडाली?" ते म्हणाले, "पोरी, आधाराची तार दोन्हीकडं चिनी मातीवर आहे. झाडातून वीज जाते ती अगदी थोडी. तेवढ्यानं फ्यूज उडत नाही. वीज तारेत नुसती वाट बघत बसते. माणूस हात लावतो तेव्हा तिला जमिनीची वाट सापडते." आजीच्या पायांत त्या दिवशी रबरी चपला होत्या. म्हणून मुंग्यांवर भागले.

आबांनी विचारले, "घरातला मेन स्विच बंद केला असता तर?" काका म्हणाले, "तरी ही तार चालूच. तुमचा स्विच मीटरच्या पुढं आहे आणि ही केबल मीटरच्या अलीकडं." घरात झटका बसू नये म्हणून जे स्विच बसवतात, तेही मीटरच्या पुढचेच सांभाळतात. खांबापासून मीटरपर्यंतच्या केबलला त्यांचा उपयोग नाही.

काकांनी केबल बदलली, सगळ्या कड्या नव्या घातल्या आणि तारेची शेपटी रिळापाशीच कापून टाकली. नव्या कड्या मी खालून मोजल्या. एकवीस भरल्या. त्यातली एक फुटली, तर एवढे रामायण झाले. आबा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नायलॉनची दोरी आणली आणि घराच्या दुसऱ्या अंगाला दोन लाकडी मेढी पुरून तिथे बांधली.

पालकांनी आणि मित्रांनी लक्षात ठेवावे

• विजेच्या केबलच्या आधाराच्या तारेला, पाइपाला किंवा खांबाच्या ताणाला वाळवणीची तार, जनावर किंवा वेल बांधू नये.
• वाळवणीला तारेपेक्षा सुती किंवा नायलॉनची दोरी बरी. तीही केबलपासून लांब बांधावी. दोरी ओली झाली की तिच्यातूनही वीज येऊ शकते.
• कडी फुटली, केबल पत्र्याला घासू लागली किंवा साल तडकली, तर स्वतः शिडी लावू नये. वायरमनला कळवावे. तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक १९१२ आहे.
• हाताला झिणझिण्या आल्या तर हसू नये. ती सूचना असते.
• कुणी तारेला चिकटले तर त्याला हात लावू नये. आधी वीजपुरवठा बंद करवावा. ते लगेच जमले नाही, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लांब काठीने तार दूर करावी. आगगाडीच्या किंवा मोठ्या दाबाच्या तारेजवळ मात्र काठी घेऊनही जाऊ नये.

सांगा पाहू!

१. अंतर २० मीटर, वजन ४ किलो आणि झोळ २० सेंटीमीटर असेल, तर ताण किती?
२. आगगाडीच्या दोन तारांमधल्या उभ्या तारा मधोमध आखूड का असतात?
३. तुमच्या घरावरच्या केबलला किती कड्या आहेत? खाली अंगणात उभे राहूनच मोजा. त्यातल्या किती फुटल्या आहेत, ते आज घरी सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वर्गातल्या मुलांनी आणले. तीन घरांत कडीच्या जागी बारीक तार निघाली. गुरुजींनी ती तीन घरे वायरमनकाकांना कळवली. आजी आता दोरीवर लुगडे घालताना मला हाक मारते आणि म्हणते, "बघ गं, मुंग्या गेल्या."

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी