आधी जुना टायर वाच

कोल्हापूर
२ जून

चि. नीलेश,

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो पाहिले. वीस हजार किलोमीटरमध्येच पुढचे दोन्ही टायर गेले, आता कुठल्या कंपनीचे घेऊ, असं विचारतोस. पण गाडी आज जशी आहे तशीच राहिली, तर ती महागातला टायरही त्याच जागी आणि तितक्याच वेगानं खाईल. डोक्यावर बँकेचा हप्ता असताना दहा-बारा हजार रुपये पुन्हा पुन्हा काढणं तुला परवडणारं नाही. म्हणून नवे टायर घेण्याची घाई करू नकोस, आणि घेशील तेव्हा जुने दुकानात सोडून येऊ नकोस.

चपलेची टाच कुठल्या बाजूनं झिजली यावरून माणूस कसा चालतो ते कळतं. टायरचंही तसंच आहे. टायर मधोमध घासला असेल तर हवा जास्त भरली जात होती. मध्ये नक्षी शाबूत आणि दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी होती. जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजला असेल तर शॉकअप संपले आहेत किंवा बॅलन्सिंग गेलं आहे. असा टायर घूं घूं आवाज करतो आणि लोक व्हील बेअरिंग बदलत बसतात. तळहात नक्षीवरून आडवा फिरवून बघ. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखा लागला, तर टो बिघडला आहे, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला हवी त्यापेक्षा जास्त आत किंवा बाहेर वळलेली आहेत.

आता तुझे टायर. उजव्याची फक्त बाहेरची कड गोल झाली आहे. डाव्याची बाहेरची कड थोडी गेली आहे, पण आतली पार तारेपर्यंत गेली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस.

बाहेरच्या कडा पसरणी घाटानं खाल्ल्या. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरची भाडी मारताना प्रत्येक वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो, आणि सात माणसं, वर सामान, त्यात हवा कमी, मग ती कड रस्त्यावर अक्षरशः घासत जाते. घाट टाळता येणार नाही, तो तुझा धंदा आहे. पण वळणाच्या आधीच वेग उतरवून घेणं आणि वळणात ब्रेक न लावणं तुझ्या हातात आहे. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी धर. ब्रेकही वाचतात, टायरही वाचतात, आणि मागच्या सीटवरच्या पर्यटकाच्या पोटात ढवळत नाही.

डाव्या चाकाची आतली कड मात्र घाटामुळे गेलेली नाही. नुसता टो बिघडला असता तर दोन्ही पुढचे टायर साधारण सारखेच झिजले असते, कारण धावताना स्टेअरिंग स्वतःला मधोमध आणतं आणि टोची चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. एकच चाक एकाच कडेला गेलं की मी आधी कॅम्बरवर संशय घेतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणार. तुझ्या गाडीत कंपनीकडून कॅम्बर फिरवायची सोय नाही. तो बिघडतो तो काहीतरी वाकल्यामुळे किंवा झिजल्यामुळे. लोअर आर्म, त्याचा बुश, नाहीतर शॉकअपचा खांब. आणि डावीकडेच का, तर समोरून एसटी आली की आपण डावं चाक साइडपट्टीवर उतरवतो. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात जी पायरी पडलेली असते, तिच्यावरून परत चढताना सगळा मार त्याच चाकाला बसतो.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी गाडी उचलून चाक हातानं हलवून बघायला सांग. दोन बाजूंना धरून हललं तर टायरॉडचा एंड, वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग बुश बघायचे. जे गेलं असेल ते बदलायचं. त्यानंतरच अलाइनमेंट. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून खांब वाकवतात आणि मशीनवर आकडे हिरवे करून दाखवतात. ते करू देऊ नकोस. वाकलेल्या लोखंडाला उलट वाकवून ते सरळ दिसेल, पण त्याची ताकद परत येत नाही, आणि तुझ्या गाडीत दुसऱ्यांची मुलंबाळं बसतात.

अलाइनमेंटला लोक चैन समजतात, म्हणून हा हिशोब एकदा करून बघ. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजल्यावर जेवढा फरक (हाच टो) यायला हवा, त्यात ३ मिलिमीटरची चूक आहे असं धर. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला दीड. टायरचा व्यास सहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे अडीच मीटर आडवं फरफटतं. दीडशे किलोमीटरच्या एका फेरीत पावणेचारशे मीटर. ही चूक स्टेअरिंगवर जाणवतही नाही, गाडी सरळच चालते. म्हणून ‘गाडी ओढत नाही, अलाइनमेंट कशाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. दर दहा हजारांना करून घे, आणि मोठा खड्डा बसला तर तेवढी वाटही बघू नकोस. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागून घे. मागच्या चाकांचे आकडेही बघ. तुझ्या गाडीत ते फिरवता येत नाहीत, पण बिघडलेले दिसले तर मागचा अॅक्सल दुखावला आहे हे कळतं.

हवेबद्दल मला तुझी खरी काळजी वाटते. तू सीएनजी भरायला थांबतोस तेव्हा पंपावर हवा बघतोस. तोवर गाडी पळून टायर तापलेले असतात आणि आकडा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. तो मुलगा ‘जास्त आहे’ म्हणून हवा काढतो, आणि सकाळी थंड झाल्यावर टायर कमी हवेवर उभा असतो. हवा थंड टायरमध्येच मोजायची. एक चांगलं गेज विकत घे आणि आठवड्यातून एकदा, पहिल्या भाड्याला निघण्याआधी दारात मोज. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तिथे पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल, तर तुझ्यासाठी तोच खरा. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नाही. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, त्यामुळे पावसाची आणि थंडीची सुरुवात झाली की आवर्जून बघ.

चाकं फिरवण्याचं एवढंच सांगतो. तुझ्या गाडीत इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढची, वळणारीही तीच, आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्यावर. म्हणून पुढचे आधी झिजणारच. दर आठ-दहा हजारांना पुढची चाकं सरळ मागे आणि मागची आडवी पुढे घे, म्हणजे डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर आडवी बदली नको. पण दोष काढल्याशिवाय चाकं फिरवलीस तर आता चांगले असलेले मागचे दोन टायरही त्याच रोगाला वाहशील.

नवे टायर घेताना माप तेच घे, भार उचलण्याचा निर्देशांक कमी होऊ देऊ नकोस. टायरच्या अंगावरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानात दोन-अडीच वर्षं पडून राहिलेला टायर सवलतीत दिला तरी नको. नामांकित कंपन्यांमधला फरक या गोष्टींपुढे लहान आहे. आणि नवे दोन टायर मागे लाव, मागचे चांगले पुढे आण. दुकानदार उलट सांगेल. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही हे हाताला कळतं, वेग सोडून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि घाटात त्याला जागा नसते.

डावा टायर आजच काढ. त्याच्या मधल्या नक्षीत अजून चार मिलिमीटर दिसतात म्हणून मन धजणार नाही, हे मला माहीत आहे. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण तार दिसलेल्या टायरच्या बाबतीत किती नक्षी उरली हा प्रश्नच उरत नाही, तो कधीही फुटू शकतो. तू ज्या महाबळेश्वरला रोज चढतोस तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी बाजूला सारायला खाचा खोल लागतात. तुझ्यासाठी तीन मिलिमीटर ही शेवटची रेघ समज. आणि आतली कड बाहेरून दिसत नाही, म्हणून गाडी धुताना स्टेअरिंग पूर्ण वळवून दोन्ही चाकांच्या आत डोकावत जा.

नवे येईपर्यंत स्टेपनी डाव्या बाजूला लाव, पण आधी तिची हवा बघ. पुढच्या आठवड्यात इकडचं भाडं मिळालं तर तासभर वाकडी वाट करून माझ्या दुकानावर ये. चाक कसं हलवून बघायचं ते एकदा तुझ्याच हातानं करून घेतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा