मुलाचा वेष घरीच शिवताना : शहापूर-मुरबाडकडून परदेशी आलेल्या नव्या कुटुंबांसाठी

शहापूर, किन्हवली, डोळखांब, मुरबाड, सरळगाव या पट्ट्यातून परदेशी आलेल्या घरात लहान मूल असेल, तर पहिल्याच वर्षी शाळेची चिठ्ठी येते : अमुक तारखेला मुलाला वेष करून पाठवा. अमेरिका-कॅनडात ती ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनची असते, ब्रिटन-आयर्लंडमध्ये मार्चच्या पहिल्या गुरुवारी येणाऱ्या पुस्तक दिनाची. शिवाय महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, शिवजयंती आणि आषाढीची दिंडी आहेतच. इथे रुळलेल्या घरांतून नव्यांना जे सांगितलं जातं, ते खाली एकत्र केलं आहे.

पहिला आग्रह असा की वेष घरी शिवा आणि जमलं तर आपल्याच तालुक्यातला शिवा. शाळेत दिवसभर मुलाला एकच प्रश्न विचारला जातो, तू कोण झालास? नवी भाषा, नवी बाई, नवी मुलं. अशा वेळी आजोळचं काही अंगावर असेल तर मूल चार वाक्यं धीटपणे बोलतं. विकतच्या सुपरहिरोबद्दल वर्गातल्या सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं, मग आपल्या मुलाला सांगायला उरतं काय?

सगळ्यात सोयीचा वेष माहुलीच्या छोट्या शिवबाचा. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांच्या रेट्यापुढे शहाजीराजांनी शहापूरजवळच्या माहुलीचा आश्रय घेतला. जिजाऊ आणि बाल शिवाजी त्यांच्यासोबत होते असं सांगितलं जातं. जन्म १६३०चा, म्हणजे शिवबा तेव्हा सहा वर्षांचा, तुमच्या मुलाएवढाच. त्यामुळे काजळाची दाढी-मिशी नको आणि तलवारही नको. तलवारीचं विशेष लक्षात ठेवा. इथल्या बहुतेक शाळांत पुठ्ठ्याचं हत्यारसुद्धा चालत नाही, मुखवटाही अनेक ठिकाणी चालत नाही, आणि दारातच काढून घेतलेल्या तलवारीपायी मुलाचा अख्खा दिवस रडण्यात जातो.

अंगरखा सोपा आहे. ढगळ सदरा बेतून एका बाजूला तिरकी पट्टी लावली की झालं. धोतरावर मात्र वेळ द्या. नेसवलेलं धोतर पहिल्या तासात सुटतं. जुन्या सुती साडीचा किंवा चादरीचा ढगळ पायजमा बेता, कमरेचा घेर मापापेक्षा चार इंच जास्त ठेवा आणि नेफ्यात नाडीऐवजी इलॅस्टिक ओवा. पुढच्या निऱ्या वेगळ्या पट्टीवर घाला, कच्चा टाका घालून दाबा, इस्त्री फिरवा आणि पट्टीची वरची कड पुढच्या नेफ्यात धरून टीप मारा. पट्टीचं दुसरं टोक पायांमधून मागे न्या, मध्यशिवणीवर दोन टाके घ्या आणि मागच्या नेफ्यात पकडा. काष्टा खराच दिसतो, पण सगळं एकाच नेफ्याला असल्यामुळे मूल ते पायजम्यासारखं खाली ओढू शकतं. मुलीसाठी नऊवारी हवी असेल तरी बेत हाच. वर पदराचा तुकडा खांद्यावर टाचायचा. शिवून झालं की मुलाला वेष घालून एकट्याने बाथरूमला पाठवा. मदतीशिवाय परत आलं तरच काम झालं असं समजा. शाळेत नाडी सोडवून द्यायला कोणी येत नाही.

दुसरा लाडका वेष आवणीतल्या शेतकऱ्याचा. गुडघ्यापर्यंत दुमडलेलं धोतर, डोक्याला फडकं आणि पाठीवर इरलं. खरं इरलं बांबूच्या कामट्या आणि पानांचं असतं. इथे पातळ पुठ्ठा मधोमध वाकवून त्यावर तपकिरी कागदाची पानं चिकटवा, पण ते कमरेच्या वरच संपू द्या, नाहीतर मुलाला बाकावर बसता येत नाही. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेतली घोंगडी घरात असेल तर तिचा तुकडा खांद्यावर चांगला दिसतो; आत सुती अस्तर लावा, लोकर मानेला टोचते.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. आपल्याकडे स्नेहसंमेलनात मुलांना पानांचा घागरा घालून, तोंडाला काळं फासून ‘आदिवासी’ करतात. ते इथे करू नका, आणि खरं तर तिकडेही करू नये. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी ही आपल्या तालुक्यांतली माणसं आहेत. आपल्याबरोबर शाळेत बसलेली, आपल्या शेतावर राबलेली, आज शिक्षक आणि सरपंच असलेली. त्यांचं जगणं हा सोंगाचा विषय नाही. कातडी रंगवणं तर इथल्या शाळा सहनच करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुमचं स्वतःचं घर त्या समाजातलं असेल आणि आजीचं लुगडं नातीला नेसवायचं असेल, तर तो निर्णय सर्वस्वी तुमचा. इतरांनी वारली चित्रांचा काठ मारलेलं जाकीट शिवावं आणि ती कला कोणाची, हे मुलाला नीट सांगावं.

कापड निवडताना आगीचा विचार आधी करा. हॅलोविनला दारोदार भोपळ्यात मेणबत्त्या असतात. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये एका टीव्ही निवेदिकेच्या मुलीच्या विकतच्या पोशाखाने मेणबत्तीवर पेट घेतला, ती होरपळली, आणि अशा कपड्यांच्या सुरक्षिततेवर तिथे मोठी चर्चा झाली. नायलॉनची जाळी, झिरझिरीत घोळ, लोंबत्या बाह्या टाळा. लोकर चटकन पेटत नाही; सुती कापड पेटतं, म्हणून ते जाड आणि अंगासरशी असावं. गळ्याशी नाडी अजिबात नको. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याला किंवा टोपीला दोरी चालत नाही. उपरणं ओढलं की सुटेल असं वेल्क्रोने लावा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कपड्याला मोती-टिकल्या नकोत. सरळ तोंडात जातात.

ऑक्टोबरात कॅनडात बर्फही पडू शकतो. वेष वाढत्या अंगाचा शिवा, म्हणजे आत गरम कपडे मावतील. वरून कोट चढवला तर शिवबा कोणाला दिसणार? मुंढा सैल ठेवा आणि खाली दोन इंच दुमड सोडा, पुढच्या वर्षीही चालेल. संध्याकाळी बाहेर पडायचं असेल तर पाठीवर चकाकणारी पट्टी लावा.

भारतातून विजेचं शिलाई मशीन आणू नका. आपली मोटर २३० व्होल्टची, अमेरिका-कॅनडात वीज १२० व्होल्ट. ब्रिटनमध्ये व्होल्टेज जुळतं, फक्त प्लग बदलावा लागतो. अनेक सार्वजनिक वाचनालयांत मशीन वापरायला मिळतं, आधी चौकशी करा. अमेरिकेत कापड वारावर मिळतं, म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. मीटरच्या हिशेबाने मागितलं तर कमी पडतं. जुनी मंडळी जोअॅन या दुकानाचं नाव सांगतील, पण ती साखळी २०२५ मध्ये बंद झाली. जुन्या वस्तूंच्या दुकानात सुती चादरी स्वस्त मिळतात आणि धोतराला त्या उत्तम. जरीचा काठ, साडीचा फॉल आणि फेट्याचं कापड मात्र इथे महाग पडतं. गावाकडून कोणी येणार असेल तर शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारातून तेवढं मागवा. कात्री आणायची झाली तर ती विमानात जमा करायच्या मोठ्या बॅगेतच ठेवायला सांगा.