दांड्यावर घट्ट बसलेली पुली

विज्ञानाच्या तासास पास्कलचा नियम एका दिवशीं, मळसूत्र दुसऱ्या दिवशीं आणि उष्णतेनें होणारें धातूंचें प्रसरण तिसऱ्या दिवशीं शिकविलें जातें. व परीक्षा संपली कीं, विद्यार्थी तिन्ही गोष्टी एकाच दिवशीं विसरतात. ह्या तिन्ही एका जागीं पाहावयाच्या असल्यास मोटारीच्या पॉवर स्टीअरिंगचा पंप बदलण्याचें काम पाहावें. पालकांसहि हा विषय परका वाटूं नये. घरची मोटार दुरुस्तीस दिल्यावर आंत काय चालतें हें न कळल्यामुळें पैसा जातो. आणि स्टीअरिंगच्या बाबतींत धोका केवळ पैशाचा नसतो.

उभ्या गाडीचीं चाकें वळविण्यास केवढा जोर लागतो, हें जुने ट्रक चालविणाऱ्यांच्या दंडांवरून कळत असे. हा भार इंजिनावर टाकण्याची युक्ति अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या इंजिनियरानें १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. परंतु विक्रीच्या खासगी मोटारींत ती प्रथम आली १९५१ सालीं, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरिअल गाडींत. तिचें मर्म फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) ह्याच्या नियमांत आहे: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोहोंचतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून स्टीअरिंगच्या पेटींत धाडतो. दाब दर चौरस सेंटीमीटरास ७० किलोग्रॅम असला व पेटींतील दट्ट्याचें क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटर असलें, तर दट्ट्यावर १४०० किलोग्रॅमांचा जोर येतो. पंपाच्या पोटांत लंबवर्तुळासारखी पोकळी असून तींत एक फिरकी असते. फिरकीच्या खांचांत पोलादी पातीं सरकतात व रुंद भागांतील तेल अरुंद भागाकडे ढकलतात. तेथील फटी इतक्या सूक्ष्म असतात कीं, तेलांत मिसळलेली धातूची बारीक धूळहि पंपाचा नाश करण्यास पुरते.

पंप निकामी होण्यापूर्वीं बहुधा कण्हल्यासारखा आवाज करतो. मग स्टीअरिंग जड होऊं लागतें. येथें एक गोष्ट, विशेषतः नव्यानें गाडी शिकणाऱ्यांनीं, पक्की ध्यानांत ठेवावी. चालत्या गाडींत पट्टा तुटला किंवा पंप बंद पडला, तर स्टीअरिंग एकाएकीं दगडासारखें जड होतें. पण तें अडकलेलें नसतें. हातांतील चक्र व पुढचीं चाकें ह्यांस जोडणारा लोखंडी सांधा कायम असतो. घाबरून हात सोडणाऱ्याची गाडी वळणावर जाते; दोन्ही हातांनीं जोर लावून, वेग कमी करीत कडेला येणारा वांचतो.

स्टीअरिंग जड झालें म्हणजे पंपच गेला असें मात्र नव्हे. आधीं तेलाची पातळी, पट्ट्याचा ताण व नळ्यांची गळती पाहावी. इंजिन चालूं असतां गळती बोटानें चाचपूं नये. दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आंत शिरूं शकते. त्याकरितां पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. हल्लींच्या बहुतेक नव्या लहान मोटारींत विजेच्या मोटरीनें हें काम होतें. ती योजना १९८८ सालीं जपानांत सुझुकीच्या सर्व्हो गाडींत आली. अशा गाड्यांत सहसा हा पंपहि नसतो आणि पुढची कटकटहि नसते.

ती कटकट म्हणजे पुली. शाळेच्या पुस्तकांत तिला कप्पी म्हणतात; कारखान्यांत कोणी म्हणत नाहीं. नवा पंप बहुधा पुलीवांचून मिळतो, म्हणून जुनी पुली काढून त्यावर चढवावी लागते. पुष्कळ जपानी पंपांवर ती नटानें आवळलेली असते व काम लवकर होतें. परंतु मिशिगन राज्यांतील सॅगिनॉ शहराच्या नांवानें ओळखले जाणारे, जनरल मोटर्सच्या व जीपच्या अनेक गाड्यांत बसविलेले जे पंप आहेत, त्यांतील अगदीं जुने सोडले तर नट शोधणाऱ्याची निराशाच होते. पुलीचें भोंक दांड्याच्या जाडीहून किंचित् लहान ठेवून ती यंत्राच्या जोरानें दाबून बसविलेली असते. हा फरक केसाच्या जाडीहूनहि कमी असतो. पण ताणलेलें पोलाद दांड्यास असें आवळून धरतें कीं, वर्षानुवर्षें पट्ट्याची ओढ सोसूनहि पुली हलत नाहीं. त्यांत गंज चढला म्हणजे विचारूंच नये.

अशा वेळीं हातोडा व पहार पुढें येतात. पहारीनें मागून उचकटलें, अथवा तीन नख्यांचा साधा पुलर पुलीच्या कडेस अडकविला, तर सारा जोर कडेवर पडतो, आणि कडा पत्र्याची असते. ती वांकते, मध्य जागचा हलत नाहीं. वांकलेली पुली फिरतांना डुलते, पट्टा झिजविते व एखादे दिवशीं फेंकून देते. मग वर सांगितलेला प्रसंग घाटांतच यावयाचा! बैलगाडीच्या चाकास तुंबा असतो, तसा पुलीच्या मध्यास असतो; आणि जोर तेथेंच पडावा म्हणून त्याच्याभोंवतीं एक खांच ठेविलेली असते. ह्या खांचेंत बसणारा खास पुलर मिळतो. त्याचे दोन अर्धे भाग खांच धरतात व मळसूत्राचें टोंक दांड्यावर टेकतें. पाना फिरविला कीं, पुली सरळ रेषेंत बाहेर येऊं लागते.

पाना ३० सेंटीमीटर लांब व मळसूत्राचा आंटा दीड मिलिमीटरचा धरूं. एका फेऱ्यांत हात सुमारें १८८५ मिलिमीटर जातो, मळसूत्र मात्र दीडच मिलिमीटर सरकतें. म्हणजे जोर सुमारें १२५० पट झाला. हातानें २० किलोग्रॅमांचा जोर लावल्यास हिशेबानें २५००० किलोग्रॅम होतात. त्यांतला फार मोठा वांटा आंट्यांमधील घर्षण गिळतें. तरी दोनतीन हजार किलोग्रॅम उरतात. मळसूत्रास आधीं ग्रीस लावावें तें ह्याचसाठीं. एवढ्यानें पुली न सुटल्यास गंज सोडविणारें तेल सांध्यांत सोडून एक रात्र जाऊं द्यावी.

शेवटचा उपाय उष्णतेचा. पुली तापल्यावर भोंक लहान होईल, असें उत्तर कित्येक मुलें लिहितात. त्यांनीं बैलगाडीच्या चाकावर तापविलेली धांव चढविणाऱ्या लोहारास विचारावें. १९ मिलिमीटरचें पोलादी भोंक १०० अंश सेंटिग्रेडनें तापविलें तर सुमारें ०.०२३ मिलिमीटरनें मोठें होतें, आणि येथें फरकच तेवढ्या मापाचा आहे. मात्र दांडाहि तापला तर लाभ उरत नाहीं, म्हणून त्वरा हवी. भोंवतीं पेट घेणारें तेल असल्यानें उघडी ज्वाला वर्ज्य. गरम हवेचें यंत्र घ्यावें. कांहीं पुल्या प्लास्टिकच्या असतात, त्यांस उष्णता दाखवूं नये.

पंप उतरविण्याचें बाकीचें काम सरळ आहे. इंजिन थंड असावें, बॅटरीची ऋण तार सोडावी, पट्ट्याचा मार्ग कागदावर काढून ठेवावा आणि तेल उपसून नळ्यांचीं तोंडें झांकावीं. पुली कोठवर बसली होती तें काढण्यापूर्वींच मोजावें. जुन्या तेलांत धातूची चमक दिसली तर नळ्या धुतल्यावांचून नवा पंप लावणें व्यर्थ आहे.

पुली चढवितांना घाई करणारे पुष्कळ. ती हातोड्यानें ठोकल्यास प्रत्येक घाव दांड्यावाटे आंतील फिरकीस व तिच्या बैठकीस लागतो. पंप नवाकोरा असूनहि पहिल्याच दिवशीं जायबंदी होतो. दांड्याच्या तोंडांत आंटे पाडलेले असतात ते चढविण्याच्या हत्यारासाठीं. त्याचा बोल्ट आंत पुरता शिरल्यावरच जोर लावावा. दोनतीन आंट्यांवर सारा भार टाकला तर ते सोलून निघतात. सॅगिनॉ पंपावर पुलीच्या तुंब्याचें तोंड सहसा दांड्याच्या टोंकाशीं समपातळींत येतें. तरी आपलें मोजलेलें माप प्रमाण मानावें.

नंतर कंपनीनें सांगितलेलेंच तेल भरावें. पुढचीं चाकें जॅकनें उचलून, गाडी ठोकळ्यांवर टेकवून, इंजिन बंद असतांच चक्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वीसेक वेळां सावकाश फिरवावें व तेल उतरेल तसें भरीत जावें. अशानें आंतील हवा निघते. मग इंजिन थोडा वेळ चालवून तेलास फेंस येतो कीं काय तें पाहावें. येत असल्यास बंद करून तेल निवळूं द्यावें. चक्र टोंकाशीं नेऊन दाबून धरूं नये. शेवटीं बाजूनें पाहून पट्टा सर्व पुल्यांवर एका रेषेंत धांवतो कीं नाहीं, याची खात्री करावी. तो कडेला सरकत असेल तर इंजिन बंद करून पुली पुन्हां बसवावी लागेल.