डोळे लहानच ठेव

चि. ईशास,

फोटो मिळाला. फेर्नांदो बोतेरोची मोनालिसा उतरवायला घेतलीस, हे छान केलंस. ‘नक्कलच तर आहे’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. बोतेरो १९५२ मध्ये कोलंबियाहून माद्रिदला गेला, तो प्रादो संग्रहालयात वेलास्केथ आणि गोयाची चित्रं उतरवूनच शिकला. तुझ्या समोरचं चित्रही लिओनार्दोवरूनच केलेलं आहे.

आता चुकतंय कुठे ते सांगतो. चेहरा वाढवलास तसे डोळे-ओठही वाढवलेस, त्यामुळे सगळंच मोठं झालं, पण भरीव काही झालं नाही. मूळ चित्र पुन्हा बघ. चेहरा ऐसपैस, आणि नाक-डोळे-ओठ बारीक, मधोमध गोळा झालेले. १९५६ मध्ये मेक्सिकोत मेंडोलिन काढताना बोतेरोच्या हातून मधलं भोक फार लहान पडलं आणि वाद्य एकदम अवाढव्य दिसू लागलं. पुढे आयुष्यभर त्याने हेच प्रमाण खेळवलं. तेव्हा मूळ चित्रावर आणि कॅनव्हासवर सारखे चौकोन पाड, आणि प्रत्येक अवयव कुठल्या चौकोनात संपतो ते मोजूनच रेखाटन कर.

बाह्यरेषा जाड करून गोलाई येत नाही, ती छटांनी येते. आधी एकाच तपकिरी रंगात उजेडापासून काळोखापर्यंत पाच छटा लाव. गाल कडेकडे वळताना छटा हळूहळू बदलू दे. सावलीत काळा मिसळू नकोस. त्याच्या चित्रांत गडद पडछाया जवळजवळ नसतात, म्हणून रंग स्वच्छ राहतात. ॲक्रिलिक लवकर वाळतं, तेव्हा एका वेळी एकच गाल घे आणि ओला असतानाच मिसळ.

आणि तिला विनोदी करू नकोस. मैत्रिणी ‘जाडी मोनालिसा’ म्हणून हसल्या, असं लिहिलंस. पण बोतेरोचे घोडे, संत्री, गिटारीसुद्धा अशाच टम्म असतात. आपण जाड माणसं रंगवत नाही, आकारमान रंगवतो, असं तो सांगत असे. त्याची माणसं क्वचितच हसतात. त्या गंभीर चेहऱ्यांमुळेच आकाराला वजन येतं.

चित्र झालं की मागे ‘बोतेरोवरून’ असं लिही. मग घरातला तांब्या समोर ठेव आणि त्याचं तोंड किती लहान केलं म्हणजे पोट भरतं, ते स्वतः शोध. मोनालिसा सावकाश होऊ दे. तांब्याचा फोटो मात्र आधी पाठव.

तुझा,
विलासमामा